थेंबभर तेल

मित्रांनो, मी एक जुना एअरब्रश. दिसायला जाडजूड पेनासारखा, फक्त शेपटीला हवेची नळी आणि डोक्यावर रंगाची इवलीशी वाटी. माझ्या पोटात एक लांब सुई आहे. पाठीवरचा खटका दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकते आणि रंगाचं धुकं बाहेर पडतं.

कारखान्यातून निघालो तो एका पाट्या रंगवणाऱ्याच्या हाती पडलो. दुकानांच्या पाट्या, ट्रकची दारं, नाटकांचे पडदे आम्ही जोडीने रंगवले. खटका अडला की तो शिलाई मशीनचं तेल माझ्यात सढळ हाताने सोडायचा. त्याचे रंगही तेलाचेच, म्हणून खपून गेलं. लोक म्हणायचे, "काय सफाईदार हात आहे!" तेव्हा मला वाटायचं, अहो, त्यात थोडा वाटा माझाही आहे.

पुढे त्याची नजर अधू झाली आणि मी वाळलेल्या रंगासकट डब्यात पडून राहिलो. सुई जाम, खटका जाम. वाटलं, संपलं आपलं.

पण त्याच्या लेकीने मला बाहेर काढून घासूनपुसून चालतं केलं. ती कृत्रिम हातांना कातडीचा रंग देते. तिचे रंग मात्र पाण्यात कालवायचे.

एकदा तिच्याकडे बालवाडीच्या बाई आल्या. अपघातात त्यांचा डावा पंजा गेला होता. "मुलं बिचकतील म्हणून मी शाळेत पाऊलच टाकलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, मला गोरापान हात नको. या उजव्यासारखाच हवा, उन्हात रापलेला."

लेकीने मन लावून छटा जुळवली. ती जेवायला उठली, तेव्हा माझा खटका अडखळत होता. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, चाचपडत मला उचललं आणि मायेने तेच जुनं तेल भरपूर ओतलं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! पण पुढच्याच फवाऱ्यात ते सुईवरून रंगात उतरलं. पाण्याचा रंग तेलापासून दूर पळाला आणि त्या हातावर देवीच्या व्रणांसारखे खळगे उमटले.

"अण्णा, तुम्ही कशाला हात लावलात? आता सगळं खरवडून पहिल्यापासून करायचं!"

"अगं, मी कायम तेच तर घालायचो," एवढंच बोलून अण्णा खिडकीशी जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीने माझे भाग सुटे करून तेलाचा अंश न अंश धुतला. मग एअरब्रशसाठीच मिळणारी, सिलिकॉन नसलेल्या वंगणाची बाटली घेऊन ती अण्णांजवळ बसली.

"चिडले मी, अण्णा. तुमचं तेल तुमच्या रंगात जिरायचं, माझ्या रंगात नाही जिरत. शिवाय आतली रबरी वॉशर त्याने फुगते. बोट इकडे आणा. एक थेंब खटक्याच्या बुडाशी. सुईला मागच्या बाजूने या वंगणाचा नुसता हात फिरवायचा आणि पुसून घ्यायचं. टोकाला अजिबात नाही."

अण्णांनी थेंब सोडला, खटका हलवला. "किंचित खरखरतोय."

"मला नाही जाणवत."

"मला जाणवतंय ना!"

तिने पुन्हा उघडून पाहिलं. खटक्याखाली वाळलेल्या रंगाचा कण! तो निघाला आणि मी लोण्यासारखा चालू लागलो.

बाईंनी नवा हात बसवला, दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरं याला रंगाचे हात पुसतील हं."

"पुसू द्या की," लेक हसली. "वर पक्कं वार्निश आहे."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी कात्री, सायकल, बिजागरी कुरकुरत असेल. तेलाची बाटली उपडी करण्याआधी तिचा मळ काढा, तिला कोणतं वंगण मानवतं ते विचारा आणि थेंबभरच द्या. आमच्याकडे ते काम आता अण्णांनी अंगावर घेतलंय. उद्या एका सुताराचा अंगठा रंगवायचा आहे, आणि माझा खटका कसा झकास चालतोय!