अडलात तर मला फोन करा

मित्रांनो, माझं वय आठ वर्षं. हसू नका! कॉम्प्युटरच्या दुनियेत आठ वर्षांचं पान म्हणजे पार म्हातारं. हो, मी पानच, पण कागदाचं नाही. 'वाचक' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या दारातलं मी पहिलं पान. पुस्तकाच्या पानाचा फोटो दिला की 'वाचक' तो मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. तो कोणाच्या मालकीचा नाही. कोणीही फुकट घ्यावा, कोणीही सुधारावा. नव्या माणसाने सुरुवात कशी करायची, हे सांगणं माझं काम.

मला लिहिलं नरहरकाकांनी. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर हैदराबादेत हिमायतनगरच्या घरी बसून ते एका बोटाने टाइप करायचे. दर रविवारी नवी मंडळी त्यांच्याकडे जमायची. काका प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवायचे आणि म्हणायचे, "हा घ्या आवाज." आवाज त्यांचा स्वतःचाच, महिनोन्महिने रेकॉर्ड केलेला. तो घातला की 'वाचक' बोलू लागायचा. हातोहात दिलेली गोष्ट लिहायची कशाला? म्हणून माझ्यात ती लिहिलीच नाही. चार पायऱ्या सांगून शेवटी एवढंच लिहिलं, "अडलात तर मला फोन करा. – नरहर." खाली नंबर.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. मी मात्र तेच बोलत राहिलो, 'मला फोन करा.' नवी माणसं यायची, चार पायऱ्या चढायची, 'वाचक' मुका तो मुकाच. मग ती त्या नंबरवर फोन करायची, कोणी उचलायचं नाही; मेसेज टाकायची, वाट बघायची आणि निघून जायची. मी गेलेल्या माणसाच्या नावाने लोकांना हाका मारत होतो. स्वतःचीच भीती वाटायची हो मला!

काकांच्या मागे काम बघणारा विनय. त्याच्या कॉम्प्युटरवर आवाज आधीपासून होता. तक्रार आली की तो म्हणायचा, "आमच्याकडे तर मस्त चालतंय!" आणि मला दुरुस्त करायचं म्हटलं की, "काकांच्या हातचं आहे, हात लावायचा नाही." असा माझा देव्हारा झाला.

मग सिकंदराबादची रेणू आली. तिचे वडील दत्तोबा, रेल्वेतून रिटायर झालेले. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि कपाटभर पुस्तकं तशीच पडून राहिली. रेणू तेलुगू आणि इंग्रजीत शिकलेली. मराठी वाचायला बसली की एका ओळीला पाच मिनिटं.

"तुला वाचता येईना, मला दिसेना," दत्तोबा म्हणाले. "चांगली जोडी जमली आपली!" बोलले हसून, पण पुस्तक मिटून बाजूला सारलं. ते रेणूच्या मनाला फार लागलं.

तीही चौथ्या पायरीवर अडली. मराठी लिहिता येत नाही, म्हणून तिने त्या नंबरवर आवाजातच निरोप धाडला. "नरहर अंकल, मी रेणू. पप्पांना दिसत नाही. तुमचं सॉफ्टवेअर बोलतच नाहीये. प्लीज सांगा ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव, नरहर. मी समोर उघडाच होतो. मला वाटलं, काकाच बोलणार!

"मी सरोज, त्यांची बायको," पलीकडून आवाज आला. "ते नाहीत गं. हा फोन मी चार्ज करत राहते. वाजला की घरात कोणी आहेसं वाटतं. पण उचलायचा, मेसेज उघडायचा धीर होत नव्हता. काल चुकून बोट लागलं आणि तू बोलायलाच लागलीस. आवाज घातलास का? ते सगळ्यांना आधी हेच विचारायचे. चहा देताना शंभरदा ऐकलंय मी."

"कोणता आवाज, आंटी?"

संध्याकाळी सरोजकाकू स्वतः ऑटोने आल्या. सोबत आणलेल्या काकांच्या चष्म्याच्या डबीत पेन ड्राइव्ह होता. रेणूने तो लावला, दत्तोबांच्या पुस्तकाचा फोटो दिला. आणि खोलीत नरहरकाका वाचू लागले. काकूंनी पदर तोंडाशी धरला. दत्तोबा मान डोलवत ऐकत होते.

"कोण वाचतंय हो? माणूस भला दिसतोय."

"आमचे हे," काकू म्हणाल्या.

"माझा नमस्कार सांगा त्यांना."

"हौ, सांगते."

काकूंनी एकेक अक्षर सांगितलं आणि रेणूने माझ्यात पाचवी पायरी लिहिली, 'आवाज घाला.' विनय आधी रुसला. मग सगळं ऐकल्यावर तो आवाज कोणालाही उतरवून घेता येईल असा त्याने स्वतःच इंटरनेटवर ठेवला. रेणूने शेवटची ओळही बदलली, "अडलात तर मला फोन करा. – रेणू. मी उचलला नाही, तर ही ओळ बदला."

मित्रांनो, तोंडी सांगता ते लिहून ठेवा. आणि आपल्या माणसाच्या आठवणीखातर त्याची चूक जपू नका, ती सुधारा.

आता कोणी अडत नाही. काकांच्या फोनवर मेसेज येत नाहीत. सरोजकाकू मात्र तो अजूनही रोज चार्जिंगला लावतात.