हवा कमीच बरी

गजेंद्रला येत नाही अशी गोष्ट गिरडात अजून निघायची होती. बापाने चालतं ठेवलेलं किराणा दुकान त्याने बंद पडू दिलं नव्हतं, आणि एवढ्या भांडवलावर तो गावभर अक्कल वाटत फिरे. त्याची बायको गुंजन लग्नापासून मान डोलावत आली होती. आज मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता.

सावंगीत मेडिकलच्या मुलांसाठी मेस चालवणाऱ्या ज्योत्स्नाताईंनी तिच्याकडून आंब्याचं लोणचं मागवलं होतं. चव पसंत पडली तर वर्षभराचं काम तिचं. आजवर लोकांनी तिला नुसतं वाढायला सांगितलं होतं. तिच्या हातचं मागून घेणारं हे पहिलंच माणूस.

जीपमागच्या नव्या दोनचाकी ट्रॉलीत कुटाराचा भुसा पसरून बरण्या रचल्या. ट्रॉलीची पूजा दसऱ्याला यथासांग झाली होती. चाकांखाली लिंबं चिरडली होती, पुढे मिरच्यांसकट एक लिंबू लोंबत होतं. पाठीवर पेंटरकडून ‘वेगमर्यादा ४०’ असं ठसठशीत लिहून घेतलं होतं. ते मागून येणाऱ्यांनी वाचायचं. पुढे बसणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध!

निघताना गजेंद्र वाकला आणि ट्रॉलीच्या चाकांतली हवा सोडू लागला.

“अहो, काऊन सोडून राह्यले? किती हवा पाह्यजे ते टायरवर लिवलं हाय ना!”

“तो कंपनीवाल्याइचा आकडा. त्याइले आपले खड्डे मालूम हायेत का? हवा कमी तं गादी नरम. तुह्या बरण्याइले दचका नाई बसणार.”

गुंजनने नमुन्याची लहान बरणी तेवढी मांडीवर घेतली. नवऱ्याच्या अकलेपेक्षा तिला आपल्या मांडीचा भरवसा जास्त होता.

समुद्रपूरला चहासाठी थांबले तेव्हा तिने ट्रॉलीच्या चाकाला हात लावला. चटका बसला.

“ऊन हाय,” गजेंद्र म्हणाला. जीप आणि ट्रॉली दोन्ही कडुलिंबाच्या गार सावलीत उभ्या होत्या.

जामच्या पुढे गुळगुळीत रस्ता लागला आणि त्याच्या अंगात आलं. काटा ऐंशीला टेकला. आरशात ट्रॉली इकडून तिकडे डुलताना दिसत होती.

“हळू घ्या ना! थे हालून राह्यली.”

“स्पीड वाढवली का सरळ होते. तू लोणचं सांभाळ.”

धाडकन टायर फुटला. ट्रॉली जीपला हिसडे देत गेली, हूक तुटला आणि ती रस्त्याच्या कडेला आडवी झाली. जीप कशीबशी थांबली. दोघांना खरचटलंही नव्हतं, पण उन्हाळाभर राबून घातलेलं लोणचं मातीत गेलं होतं. तेल, मोहरी, फोडी आणि बरण्यांच्या कपच्या बघून गुंजनला रडू फुटलं.

गजेंद्रने फाटक्या टायरभोवती एक फेरी मारली.

“पाह्य, अजून थोडी हवा सोडाले पाह्यजे होती.”

गुंजनचं रडू तिथेच थांबलं. असल्या माणसापुढे डोळ्यांतलं पाणीसुद्धा वाया घालवू नये. वर्ध्याची एसटी येत होती. तिने हात केला आणि लहान बरणी छातीशी धरून ती चढली.

“अवं, कुठी चालली? मी एकटा काय करू इथं?”

“लिंबू हाय ना सोबत. त्याले इचारा!”

एसटी हलली. खिडकीतून तिला आडव्या ट्रॉलीची पाठ दिसली. ‘वेगमर्यादा ४०’. घेतल्यापासून पहिल्यांदाच ट्रॉली ती पाळत होती.

“वर्ध्याचं एक द्या,” ती कंडक्टरला म्हणाली, “आन् सावंगीले जायाले ऑटो कुठी भेटते?” आणि तिने बरणीवरचा दादरा घट्ट आवळला.