न धुतलेली पट्टी

थाई बॉक्सिंगच्या क्लासचं दार दिसायच्या आधीच आतला वास जिन्यात भेटायला येई. जुनं चामडं, ओले मोजे, मुक्या मारावर चोळायचं झणझणीत तेल आणि त्या सगळ्यावर पंचवीस माणसांचा शिळा घाम. लॅबवाल्या बाई रोज शेवटच्या पायरीवर थांबत, नाकाला रुमाल लावत आणि देवाचं नाव घेऊन आत शिरत. नाव घ्यायचं ते धीर यावा म्हणून नव्हे, तेवढा वेळ श्वास रोखता यावा म्हणून.

आता गंमत पाहा. हीच बाई वीस वर्षं लोकांची लघवी आणि थुंकी तपासत आलेली. बाटलीला झाकण आणि झाकणावर चिठ्ठी असली की तिला कशाचंच काही वाटत नसे. माणसांना झाकण नसतं, एवढीच तिची तक्रार. देह म्हणजे मळाची मोट, असं बुवा कीर्तनात रंगवून सांगत, तेव्हा ती सगळ्यांबरोबर मान डोलावी. ती मोट स्वतःच्या गळ्यात पडेपर्यंत मान डोलवायला काय जातं?

तिच्या गळ्यात ती पडली लेकीमुळे. खारू चौदा वर्षांची. वर्षभरात ताडमाड वाढली आणि वर्गातल्या पोरींनी हसून हसून तिला पार वाकवून टाकलं. खांदे पाडून, जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखी चालायची. एक दिवस या क्लासात डोकावून आली ती मान वर करून. पण इथला नियम असा, की मिठीची झुंज मुलीने बाईशीच करायची, आणि क्लासात दुसरी बाईच नव्हती. "आई जोडीला येणार असेल तर पोरीला घेतो," थोरले मास्तर म्हणाले. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी लॅबवाल्या बाईंनी अर्धी चड्डी घातली.

पहिला तास शिट्टीवाल्याचा. हा तरणा मास्तर नव्या पद्धतीचा. भिंतीवर मोठं घड्याळ, कानठळ्या बसवणारी गाणी, तीन मिनिटं लाथा, एक मिनिट दम. नव्या लोकांचे हातमोजे एका पिंपात असत. बाईंनी आत हात घातला की कुणाचा तरी कालचा घाम बोटांना गार लागे.

"मॅडम, आत उंदीर नाहीये," शिट्टीवाला म्हणे.

"उंदीर परवडला," बाई म्हणत.

शेवटचा अर्धा तास थोरल्या मास्तरांचा. गाणी बंद. आधी गुडघ्यांवर बसून गुरूला वंदन, मग संथ पावलं, आणि मग ती मिठीची झुंज. दोघांनी एकमेकांच्या मानेमागे हात घालायचे, डोक्याला डोकं भिडवायचं, समोरच्याची मान खाली ओढायची आणि गुडघा मारायचा. खारूच्या कपाळावरचा थेंब ओघळून बाईंच्या ओठाच्या कोपऱ्याशी आला की त्या ओठ आवळून घेत. त्या तोंड फिरवत. तोंड फिरलं की मान सैल पडे, आणि खारू त्यांना गवताच्या पेंढीसारखी खाली वाकवी.

"बाई, बघायचं नसेल तर डोळे मिटा," मास्तर म्हणत. "तोंड फिरवू नका. तोंड गेलं की मान गेली."

शुक्रवारी घरी जाताना खारूने विचारलं, "आई, तुला माझी किळस येते का गं?"

"तुझी नाही. घामाची."

"घाम कुणाचा होता?"

खारू थोडं चालली आणि म्हणाली, "राहू दे. रविवारची लढत झाली की सोडून देऊ." तिचे खांदे पुन्हा पडले होते. बाईंनी ते पाहिलं आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी इथल्याच रिंगणात दुसऱ्या क्लासच्या मुलीशी खारूची पहिली लढत होती. शनिवारी मास्तरांनी तिला दंडावर बांधायची आपली जुनी पट्टी दिली. लढतीच्या आदल्या रात्री ती खेळाडूच्या उशाशी असावी, जमिनीला लागू नये, अशी त्यांची रीत. पट्टी कसली, मोरीच्या तोंडाशी अडकलेली चिंधी म्हणा. तेलाने काळी पडलेली, मळाने कडक झालेली, आणि वास तर असा, की बाईंनी खोलीची खिडकी उघडली.

पहाटे त्यांना राहवेना. लेकीच्या अंगाला हे लागायचं? आपण किळस केली म्हणून पोर हिरमुसली. निदान ही तरी स्वच्छ करून देऊ, असं मनात आणून त्यांनी लॅबच्या सवयीने पट्टी गरम पाण्यात टाकली, वर दोन झाकणं जंतुनाशक. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मळ सुटताना पाहून त्यांना बरंसुद्धा वाटलं. मग दोरा सुटला. मग पिळता पिळता आतलं कापड हातात लगद्यासारखं आलं, बारीक निळ्या फुलांचं.

खारू दारात उभी होती. "त्यात मास्तरांच्या आईच्या कपड्याची चिंधी होती," ती म्हणाली. "तशीच करतात ती."

"मला कुठं माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठं?"

क्लासात पोचल्यावर बाईंनी तो ओला गोळा स्वच्छ डबीत घालून मास्तरांपुढे धरला. डबीला झाकण होतं. मास्तरांनी ते काढलं आणि गोळा नाकाशी नेला.

"दवाखान्याचा वास येतोय," ते म्हणाले.

"मास्तर, चूक झाली माझी."

"आई गेली तेव्हा मी लढतीसाठी परगावी होतो. तिचं दुसरं काही ठेवलं नव्हतं मी." त्यांनी गोळा परत डबीत ठेवला आणि डबी खिशात घातली.

त्यांनी रागवायला हवं होतं. ते रागावले नाहीत, आणि बाईंना आपल्या हातांकडे बघवेना. नखं कापलेले, दिवसातून वीस वेळा धुतलेले ते पांढरे हात. इतकी किळस त्यांना पिंपातल्या हातमोज्यांचीसुद्धा कधी आली नव्हती.

"पोर मोकळ्या दंडाने रिंगणात जाणार नाही," मास्तर म्हणाले. "आईच्या अंगावरचं कापड लागतं. न धुतलेलं. आहे?"

होतं. शनिवारचा टी-शर्ट बॅगेच्या तळाशी होता, वास बाहेर येऊ नये म्हणून दोन पिशव्यांत गाठ मारून कोंडलेला. बाईंनी सगळ्यांसमोर गाठी सोडल्या. रात्रभर कोंडलेला घाम भसकन बाहेर आला. शिट्टीवाला दोन पावलं मागे सरला.

"मॅडम, पिंप बरं की हो."

बाई हसल्या नाहीत. आपलंच अंग, आपलाच घाम, आणि नाकाला तर जिन्यातल्या वासात आणि यात काडीचा फरक कळेना. त्यांनी कात्रीने खालची पट्टी कापली. मास्तरांनी तिला पीळ दिला, वरून दोरा आवळला आणि ती खारूच्या हातावर ठेवली.

खारूने ती हुंगली. "शी, आई."

"माझाच आहे."

"कळतंय ते," खारू म्हणाली आणि दंड पुढे केला. बाईंनी गाठ मारली.

"अंग गरम करून घ्या दोघी," मास्तर म्हणाले. "एकदा मिठी."

दोघींनी मानेमागे हात घातले. तेवढ्यानेच खारूला घाम फुटला. थेंब कपाळावरून निघाला, नाकाच्या कडेने उतरला आणि नेमका बाईंच्या ओठावर टेकला. खारट, कोमट. किळस तशीच आली. बाईंनी डोळे गच्च मिटले आणि तोंड तिथेच ठेवलं. खारूने ओढून पाहिलं, दोनदा, तीनदा. मान हलली नाही.

"आई, सोड आता," खारू कानाशी म्हणाली. "माझं नाव पुकारलं."