मनीनानं अंग धरलं

दुष्काळात नवऱ्याच्या सांडण्या मेल्या, तरी तेकबरचं अंग मात्र अजून श्रीमंत होतं. चार पावलं टाकायची तर एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोलकरीण म्बारका लागायची. याचा तिला कमीपणा नव्हता, अभिमानच होता.

लेक मनीना अठरा वर्षांची झाली तरी काटकुळीच होती. वाळवंटातल्या अतार गावात बारीक पोरगी म्हणजे बापाच्या घरी दूध नाही, नाहीतर ती पाणी वाहणाऱ्यांपैकी. पुरुषांचं तसं नाही. पुरुष खारकेसारखा वाळलेला असला तरी त्याला चपळ म्हणतात आणि त्याचं लग्न कुठे अडत नाही. हा कसला न्याय, असं विचारायची सोय नव्हती.

"तेकबर, ही पोर तुझी की म्बारकाची गं?" शेजारीण हसत विचारायची. तेकबरच्या ते जिव्हारी लागायचं.

खजुराच्या हंगामात मुलाकडच्या बायका मनीनाला पाहायला येणार होत्या. इतकं चांगलं स्थळ पुन्हा चालून आलं नसतं. पोरींना बळंच लठ्ठ करायची जुनी रीत तेकबरच्या अंगावरून गेलेली होती. लहानपणी आजीनं तिच्या पायाची बोटं दोन काठ्यांत दाबून तिला दूध पाजलं होतं, आणि ओकली तर ओकलेलंसुद्धा. आपल्या पोरीला काठी लावायची नाही, अशी तिनं शपथ घेतली होती. शिवाय घरात तेवढं दूधही राहिलं नव्हतं. म्हणून तिनं बाजारातून गोळ्या आणवल्या, गुरांना चरबी चढावी म्हणून देतात त्या. चहाबरोबर गिळायच्या, रडारड नाही, मारझोड नाही. आपण लेकीवर केवढी माया केली, असंच तिला वाटत होतं. तिचा राग करावा की कीव, काही कळत नाही.

मनीना बघता बघता भरली. गाल वर आले, मनगटाची हाडं दिसेनाशी झाली. शेजारणी येऊन दंड चाचपून जायच्या आणि दारातच आनंदाची किलकारी मारायच्या.

"आई, छातीत धडधडतं गं. आडवं झालं की जीव घुसमटतो."

"नवं अंग आहे, जड वाटायचंच. उशीला टेकून झोप."

एके दिवशी पाय चेपताना म्बारका थांबली. "बाई, हे बघा." तिनं मनीनाच्या घोट्याजवळ अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. तेकबरनं नकळत स्वतःची पोटरी दाबून पाहिली. मांस लगेच वर आलं.

"दवाखान्यात नेऊ या, बाई. ही चरबी नव्हे, पाणी आहे."

"पाहुण्या येऊन जाऊ देत. मग नेऊ."

"आणि तोवर?"

"तोवर तोंड बंद ठेव!"

पाहुण्या आल्या त्या दिवशी मनीनाला पिवळ्या वस्त्रात गुंडाळून उशांच्या ढिगाला टेकवलं होतं. मुलाची आत्या लाल्ला सोबतच्या दोन मुलींच्या आधारानं आत आली आणि धप्पकन गादीवर बसली. बाकीच्याही तशाच वजनदार. त्या बसल्या तशी खोली भरून गेली. मनीना उठली नाही, नमस्कारालाही नाही.

"बघा गं, जागची हलतसुद्धा नाही! याला म्हणतात खानदानी पोर," लाल्ला खुलली. "आमच्याकडे तुला पाण्याचा पेलासुद्धा उचलावा लागणार नाही हो, राणी."

तेकबरचा जीव सुपाएवढा झाला. बायकांची भेट म्हणून नवरा आधीच बाहेर गेला होता, आणि पाहुण्यांसोबतच्या त्या मुली खजूर बघायला बागेत पळाल्या होत्या. घरात पाहुणचाराला दूध कमी पडू नये म्हणून तिनं म्बारकालाही गावाबाहेरच्या तांड्यावर पिटाळलं.

"आणि नीळ काय सुरेख लावलीय ओठांना!" लाल्ला म्हणाली. निळीत रंगवलेल्या वस्त्राचा रंग अंगावर उतरला की तिकडे बाईला देखणी म्हणतात. "नखांवरही उतरलीय बघा."

तेकबरनं लेकीकडे पाहिलं. वस्त्र पिवळंच होतं. घरात नीळ कोणी आणलीच नव्हती.

"आई..." मनीना म्हणाली. पुढचे शब्द आलेच नाहीत. मान उशीवर कलली. बायकांना वाटलं, लाजली, आणि सगळ्यांनी मिळून किलकारी मारली.

"गप्प बसा!" तेकबर किंचाळली. "माझी पोर जातेय! गाडी बोलवा, कुणीतरी पळा!"

किलकारी थांबली. लाल्लानं उठायला हात टेकले, पण ती तशीच मागे कोसळली. दुसरी गुडघ्यावर आली आणि तिथंच धापा टाकू लागली. तेकबर भिंत धरून दाराकडे सरकत होती, आणि दार काही केल्या जवळ येत नव्हतं. त्या खोलीत धावू शकणारी एकही बाई नव्हती.