जमिनीपर्यंत न पोचलेली तार

माझं कुणी खरं मानलं नाही. मी अर्थिंगची तार बोलतेय, हिरव्या-पिवळ्या अंगाची. करंट भलतीकडे निघाला तर त्याला धरून जमिनीत नेऊन सोडायचं, हे माझं काम. काम नीट झालं तर माझी आठवणही निघत नाही. बिघडलं की मात्र पहिला ठपका माझ्यावर!

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका काळ्या केबलमध्ये आम्ही तिघी होतो, तपकिरी, निळी आणि मी. वर्नर सीमेपलीकडे जर्मनीत गेला होता, स्वस्त बिअर आणायला. आमच्या डेन्मार्कमधल्या जटलंडची माणसं जातातच. येताना बिअरच्या खोक्यांवर मलाही टाकलं.

"भावोजी, तुमच्या मशीनला केबल! प्लगसकट!"

भावोजी म्हणजे आयविन. डेअरीतून निवृत्त झालेला, महाहट्टी. गॅरेजमध्ये त्याने स्वतःच्या हाताने सीएनसी मशीन बांधलं होतं. संगणकावर अक्षरं लिहायची, मशीनने ती लाकडात कोरायची. बंदरातल्या होड्यांच्या नावाच्या पाट्या व्हायच्या. त्यांत रंग भरायची त्याची बायको, गुद्रून. वर्नर तिचा धाकटा भाऊ.

कंट्रोल पॅनल आयविनने हौसेने जोडला, खोटं कशाला बोलू? पत्र्यावरचा रंग खरवडून मला बोल्टने घट्ट आवळलं, मशीनच्या सांगाड्याशी जोडलं. मग प्लग भिंतीत खुपसला. मशीन घरघरलं. वर्नरने बाटली उघडली.

आणि मी बोंब ठोकली. माझं दुसरं टोक कुठेच टेकलं नव्हतं! जर्मन प्लगला अर्थिंगच्या पट्ट्या कडेला. डेन्मार्कच्या भिंतीत अर्थिंगसाठी वेगळं तिसरं भोक. प्लग ऐटीत बसतो, दिवे लागतात, आणि मी अधांतरी. वरात दारात आली आणि दाराला आतून कडी!

स्पिंडल, म्हणजे कोरणारं पातं धरणारा दांडा, फिरवणाऱ्या डब्यातून थोडा करंट पत्र्यावर झिरपतोच. एरवी मी त्याला गुपचूप घेऊन जाते. आता तो जाणार कुठे? बसला सांगाड्यावर, कुणाचा हात लागतोय याची वाट बघत.

हात लागायचा गुद्रूनचा. लाकडाचा भुसा तीच झाडायची.

"आयविन, तुझं मशीन चावतं."

"लोकरीचे मोजे घालून फिरतेस, म्हणून."

तिने मोजे काढले. जास्तच चावलं.

"आता?"

"आता फरशी गार आहे."

वर्नर कॉफी ढवळत म्हणाला, "ताई गुरांच्या कुंपणाच्या तारेलाही घाबरायची."

"घाबरत नव्हते रे. तू मला तिच्यावर ढकलायचास."

दोघे हसले. मला हसू आलं नाही. पुढे त्या अडकलेल्या करंटने गोंधळून मशीन मध्येच थांबायला लागलं, पाट्या अर्ध्यावर फुकट जायला लागल्या. आयविनने पॅनल उघडला. मला सोडलं, घासलं, नवा बोल्ट लावला, शिव्या घातल्या. "ही तारच कुचकामी." अरे बाबा, भिंत तीन पावलांवर आहे, जा की! गुद्रून तेच म्हणाली. हा म्हणतो, "भिंतीत काय बघायचं? दिवा लागतोय ना?"

मग तो रविवार आला. मशीन चालू होतं, गुद्रून ओल्या फडक्याने सांगाडा पुसत होती. दुसरा हात तिने सहज पाण्याच्या नळावर टेकला. मी जीव तोडून ओरडले. कोण ऐकतं? असा हिसका बसला की बाई मागे कोलमडली, तिच्या अंगावर लाल रंगाचा डबा उपडा झाला. नशीब, मीटरपाशी बसवलेल्या सुरक्षेच्या खटक्याने वीज तोडली. मला वाटलं, गेली.

ती उठली. रंगाने माखलेली, कोपर सुजलेलं. तशीच कॉफीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"आयविन, खटका वर कर. वर्नर, मोजे काढ. लोकरीचे आहेत. आता मशीनला हात लाव. नळाला नको, मला भाऊ हवाय."

वर्नरने हात लावला आणि टुणकन उडाला. "आई गं! हे खरंच चावतं!"

तेव्हा कुठे आयविन तीन पावलं चालला. प्लग उपसला. भिंतीतलं तिसरं भोक रिकामं. प्लगला तिथे काहीच नाही. महिनोन्‌महिने ते सगळ्यांच्या नाकासमोर होतं.

"केबल तू आणलीस," आयविन पुटपुटला.

"भिंतीत तुम्ही घातलीत," वर्नर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुद्रूनने वायरमन बोलावून डॅनिश प्लग बसवून घेतला. अखेर मी जमिनीला पोचले. तेव्हापासून मशीन ना चावलं, ना अडलं. घरी मशीन बांधणाऱ्यांनो, माझी दोन्ही टोकं बघत जा. आणि घरातली बाई चावतं म्हणाली, तर चावतं!

त्याच दिवशी गुद्रून संगणकापुढे बसली. "चूक कुणाची, ते कोरते," म्हणत फळी लावली, दोघांना उभं केलं. वर्नर मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी काय मुद्दाम केलं?"

"तू मूर्ख आहेस. पण रोज उठून मी तुला सांगत नव्हते."

स्पिंडल खाली आला. भुसा उडाला. अक्षरांत तिने लाल रंग भरला आणि पाटी पॅनलच्या वर ठोकली. मला ती इथून रोज दिसते. कुठल्या होडीचं नाव नाही त्यावर. त्यावर कोरलंय: आयविन.