चिमणीचा आवाज

“आणखी एक द्या, मावशी. जरा लाजून,” काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज हेडफोनमध्ये आला.

मावशीने डोळे मिटले. पाठीवर कुणीतरी गार पाण्याची बादली उपडी केली आहे असं मनात आणलं आणि एक छोटीशी, टोकाला वर चढणारी किंकाळी मारली. समोरच्या पडद्यावर, लढाऊ विमानाच्या पंखावर उभ्या असलेल्या पोरीने वाऱ्याने उडणारा झगा दोन्ही हातांनी दाबून धरला. तिचे ओठ मिटले त्याच क्षणी किंकाळी संपली.

“छान. सात झाल्या. अजून पस्तीस.”

पस्तीस. मावशीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिने तो अर्ध्यातूनच वळवून चष्मा नीट केला. काचेपलीकडचे लोक बघत असतात.

ही कार्टून मालिका दूरदेशी बनलेली होती आणि सात महिने तिचे भाग इथे, या कोंदट खोलीत, आपल्या भाषेत बोलायला शिकत होते. गोष्ट अशी की युद्धात वैमानिक संपलेत, उरलीत ती जुनी विमानं, आणि त्यांची इंजिनं नऊ मुलींच्या मंत्राशिवाय सुरूच होत नाहीत. मंत्र म्हटला की विमान जागं होई, मुलीच्या अंगावरचे कपडे बदलत, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी कापड उरे. पहिल्या दिवशी मावशीने पडद्याकडे बघून सरळ विचारलं होतं, “इतक्या उंचावर बर्फ असतो ना? मग या पोरींना कुणी अंगभर पायजमे का शिवत नाही?” रेकॉर्डिंग करणारा, ज्याला सगळे ‘दाढी’ म्हणत, तो इतका हसला की तो टेक पुन्हा घ्यावा लागला.

पण नऊ जणींतली सगळ्यात बुटकी, जिला बाकीच्या ‘चिमणी’ म्हणत, ती मावशीच्या वाट्याला आली होती. चिमणी एकोणीस वर्षांची, मावशी चौपन्न. आजवर मावशीने मांजरीची पिल्लं केली होती, टूथपेस्टच्या जाहिरातीतला पडक्या दातांचा पोरगा केला होता, एक बोलकी किटली केली होती. पोट भरलं, पण त्यांतलं कुणी तिच्याबरोबर घरी आलं नाही. चिमणी आली. भाजी चिरताना मावशी तिच्या आवाजात पुटपुटायची आणि तिचे ‘हे’ पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “आज पाहुणी जेवायला आहे वाटतं.”

आज शेवटचा, सव्विसावा भाग होता. चिमणी मरणार होती.

खरं तर किंकाळ्या, धापा, खोकला हे सगळं नेहमी शेवटी घेतात. गळा त्यातच फाटतो, म्हणून आधी संवाद आणि मग आरडाओरडा, हा या धंद्याचा नियम. आज नियम उलटा झाला होता. साडेबारा वाजता कंपनीचा माणूस येणार होता, आणि जाहिरातीसाठी त्याला उडते झगे आणि लाजऱ्या किंकाळ्या हव्या होत्या. मरण नंतर चालणार होतं.

आणि मावशीच्या गळ्यात दोन गाठी होत्या. डॉक्टरने नळी घालून दाखवल्या होत्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या, समोरासमोर. गुरुवारी शस्त्रक्रिया. “बोलाल तुम्ही नक्की,” डॉक्टर म्हणाला होता, “पण हा जो बारीक आवाज काढता, त्याचं मी काही सांगू शकत नाही. तोवर जपा. सूज आली की पहिला जातो तो हळू आणि उंच आवाज. ओरडता येईल, बारीक आवाजात हळू बोलता येणार नाही.”

ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ऑपरेशननंतर तीन आठवडे बोलायचं नाही? घरातली शांतता कशी असते ते बघून तरी घेऊ.” दुसऱ्या दिवशी मात्र फ्रीजवर एक कोरी वही आणि टोक केलेली पेन्सिल येऊन पडली होती. त्याबद्दल दोघंही काही बोलले नव्हते.

बाकी कुणाला तिने सांगितलं नव्हतं. शेवटचा सीन चार मिनिटांचा होता, सगळा वायरलेसवरचा, सगळा हळू आणि उंच. तेवढा आवाज तिने पंधरा दिवस साठवून आणला होता. घरात खुणांनी बोलून.

“आठवी. चिमणी पाय घसरून पडते तिथली,” दिग्दर्शक म्हणाला.

मावशीने तोंड उघडलं.

“थांबा,” दाढी मध्येच म्हणाला. “लाइनमध्ये घरघर येतेय. दोन मिनिटं.”

जाड दार ढकलून तो आत आला आणि मावशीच्या पायाशी उकिडवा बसून वायर चाचपायला लागला. त्याच्या दाढीत आता काळ्यापेक्षा पांढरं जास्त होतं. त्याने हळूच माइकचं बटण बंद केलं.

“कसली रे घरघर? मला नाही आली.”

“लाइन ठणठणीत आहे.” त्याने वायर उगाच काढून पुन्हा बसवली. “किती दिवस झाले, मावशी?”

“कशाला?”

“वीस वर्षं तुमचा श्वास ऐकतोय. बायकोचा ऐकला नसेल इतका.”

मावशीने एकदा काचेकडे बघून घेतलं. मग म्हणाली, “गुरुवारी ऑपरेशन आहे.”

“दिग्दर्शकाला सांगा.”

“सांगितलं की संपलं. एकदा गळा बिघडला अशी बातमी गेली, की फोन वाजत नाही. तुला काय मी सांगायला हवं?”

“आणि नाही सांगितलं तर पस्तीस किंकाळ्या मारून बसाल, आणि चिमणी मरताना मुकी.” तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. “मी वायर बसवलीय. पुढचं तुम्ही बघा.”

दार बंद झालं. काचेपलीकडे कोपऱ्यातल्या सोफ्यावर धाकटी बसली होती. मावशीनेच दोन वर्षांपूर्वी तिला इथे आणलं होतं, तेव्हापासून सगळे तिला धाकटीच म्हणत. वय सव्वीस, घरी आठ महिन्यांचं बाळ. आज तिला एक नर्स आणि गर्दीतल्या दोन बायका करायच्या होत्या. फोन मांडीवर पालथा ठेवून ती बसली होती, म्हणजे घरून फोन आला तर कुणाला दिसू नये, पण थरथर तिला कळावी.

मावशीने माइकचं बटण दाबलं.

“अरे ऐक. या किंकाळ्या धाकटीकडून घे.”

“म्हणजे?” दिग्दर्शक पुढे वाकला.

“माझा गळा आजारी आहे. जेवढा उरलाय तेवढा मला शेवटच्या सीनला हवाय.”

काचेपलीकडचा आवाज तुटला. दिग्दर्शकाने त्याचं बटण सोडलं होतं, पण मावशीला त्याने काही फरक पडत नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओठांकडे बघून पोट भरलेली बाई ती. काचेतून तिला स्वच्छ दिसलं: आत्ता सांगताहेत. शेवटच्या दिवशी. आता मी काय करू?

मग बटण पुन्हा दाबलं गेलं. “बरं. बघू या, मावशी.”

धाकटी आत आली. “मावशी, ही तुमची आहे. मी कशी…”

“किंकाळी कुणाची नसते गं. गार पाण्याची बादली आठव आणि मोकळी हो.”

पहिल्या दोन कच्च्या गेल्या. तिसरी बसली. पाचवी तर अशी टवटवीत निघाली की मावशीने नकळत मान डोलावली. त्याच वेळी काचेपलीकडचं दार उघडलं आणि कडक इस्त्रीच्या शर्टातला कंपनीचा माणूस वेळेआधीच आत आला. उभ्या उभ्या त्याने सहावी आणि सातवी ऐकली. हसला. दिग्दर्शकाकडे वळून काहीतरी विचारलं.

“काय म्हणतायत?” धाकटीने विचारलं.

मावशी त्याच्या ओठांकडे बघत होती. ही कोण? मग दिग्दर्शकाचे ओठ, घाईघाईने. मग पुन्हा त्याचे: मग शेवटही हिच्याकडूनच घ्या. ताजा आवाज आहे. दिग्दर्शक काही म्हणाला, त्यात ‘सात महिने’ एवढं दिसलं. कंपनीच्या माणसाने खांदे उडवले. लोकांना काय कळतंय?

“तुझं कौतुक चाललंय,” मावशी म्हणाली. ती उठली आणि तिने धाकटीच्या डोक्यावरचा हेडफोन काढून आपल्या कानांना लावला. दिग्दर्शकाचा हात बटणाकडे निघालाच होता. त्याने एकदा तोंडाने सांगितलं की ते झालं असतं. त्याआधी बोलायला हवं होतं.

“दाढी, शेवटचा सीन लाव. मी म्हणतेय.”

दाढीने कुणाकडेही बघितलं नाही. पडद्यावर समुद्र आला.

चिमणीचं इंजिन बंद पडलं होतं आणि मंत्र संपला होता. खाली गाव होतं, म्हणून तिने विमान समुद्राकडे वळवलं होतं. या चार मिनिटांत झगा नव्हता, वारा नव्हता, नुसता काचेमागचा एक लहान चेहरा आणि हातात वायरलेस. कप्तान बाई पलीकडून तिला उडी मारायला सांगत होत्या. चिमणी त्यांना दुसरंच काही सांगत होती: माझ्या पलंगाखाली कुणाचे तरी मोजे आहेत, ते परत द्या. स्वयंपाकघरातल्या मांजरीला मी गेल्याचं सांगू नका, ती फक्त दुधाची वाट बघते.

मावशीने सुरुवात केली. आवाज आला. बारीक, कोरडा, ओठांशी चिकटून. पहिलं मिनिट गेलं. मोज्यांच्या वाक्याला तिच्या गळ्यात काहीतरी घासलं, तिने ते श्वासात गिळलं. दुसरं मिनिट. काचेपलीकडे कंपनीचा माणूस घड्याळ बघायचा थांबला होता. मांजरीचं वाक्य तिने इतकं हळू म्हटलं की दाढीला पुढे वाकून बटण वर चढवावं लागलं. समुद्र जवळ आला. आता फक्त शेवटचं. धावपट्टीकडे एकवार बघून चिमणी म्हणते, “दिवे लावून ठेवा.”

मावशीचे ओठ हलले. बाहेर आली ती नुसती हवा.

दाढीने न सांगता मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा ‘दिवे’ फाटून दोन आवाजांत आलं, एक चिमणीचा आणि एक कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईचा.

चिमणी पाण्यात गेली.

“मॅडम, सुंदर होतं,” कंपनीचा माणूस बटण दाबून म्हणाला, “पण शेवटच नसेल तर काय उपयोग? आता हिच्याकडून पूर्ण सीन घेऊ या.”

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. “मला नाही जमणार,” ती मावशीला म्हणाली. “हे असं नाही जमणार. आणि तुमचं काढून…”

मावशीने हाताने तिला थांबवलं. माइकशी वाकून, घोगऱ्या आवाजात, जो आता तिचा नेहमीचाच झाला होता, ती म्हणाली, “पूर्ण नाही. शेवटचे तीन शब्द हिचे. बाकीचं माझं राहील.”

“जोड कळता कामा नये.”

“कळला तर सगळं पुसा.”

त्याने घड्याळ बघितलं. “दहा मिनिटं.”

धाकटीने हेडफोन लावला. पहिल्या वेळी तिने शब्दांत इतकं रडू ओतलं की दिग्दर्शकानेच थांबवलं. दुसऱ्या वेळी फारच गोड. तिसऱ्या वेळी किंकाळीवाली पोर परत आली. कंपनीच्या माणसाने बॅगेची चेन ओढली.

“रडू नकोस,” मावशी तिच्या कानाशी म्हणाली. बोलताना तिला दुखत होतं, ते तिच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं. “तिला रडायला वेळ नाहीये. सकाळी घरातून निघालीस तेव्हा बाळ काय करत होतं?”

“झोपलं होतं.”

“आणि कोण होतं?”

“आई आलीय.”

“दारातून तिला काय सांगितलंस?”

“दूध फ्रीजमध्ये आहे.”

“तसं नाही. जसं सांगितलंस तसं म्हण.”

धाकटीने दाराकडे बघितलं, जणू तिथे पाळणा होता. मग ओठ जेमतेम हलवून, बाळ उठू नये आणि आईला ऐकूही जावं अशा बेताने म्हणाली, “दूध फ्रीजमध्ये आहे.”

मावशीने दाढीकडे बघून बोट वर केलं. पडद्यावर चिमणीने धावपट्टीकडे वळून बघितलं.

“दिवे लावून ठेवा,” धाकटी म्हणाली.

दाढीने जोडून लावलं. मोजे, मांजर, समुद्र, आणि मग ते तीन शब्द. मावशीने डोळे मिटून ऐकलं. कुठे जोडलंय ते तिला माहीत होतं, तरीही ती जागा सापडायला तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

“चालेल,” कंपनीचा माणूस म्हणाला. मग निघण्याआधी दिग्दर्शकाकडे वळून म्हणाला, “पुढच्या मालिकेसाठी हिचा नंबर पाठवून द्या.” या वेळी त्याने बटण सोडलेलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

धाकटीने मावशीचा हात धरला. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण मावशीने मान हलवली आणि तिचा फोन तिच्या हातात सरळ करून ठेवला. घरून दोन फोन येऊन गेले होते.

“जेवणानंतर उरलेल्या किंकाळ्या संपवू,” दिग्दर्शक म्हणाला. “मावशी, तुम्ही… तुम्ही निघालात तरी चालेल.”

मावशीने चष्मा पुसून पिशवीत टाकला. दाढी आत आला आणि माइकच्या दांड्याशी थांबला. मघापासून धाकटी मान वाकवून बोलत होती, ते आता त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने दांड्याची चावी पिरगळली. ती हलेना. वीस वर्षं माइक मावशीच्याच उंचीवर होता, चावी तिथेच गंजून बसली होती.

“राहू दे, उद्या तेल घालीन,” तो मावशीकडे न बघता म्हणाला.

मावशीने पिशवी खाली ठेवली. दांड्याच्या बुडावर एक पाय रोवला, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला आणि त्याला मानेने खूण केली: पिरगळ. दाढीने जोर लावला. चावी कुरकुरली, सुटली, आणि माइक हळूहळू वीतभर वर गेला.