नारिंगी फुलीचे घर

भानुदास गजभिये आपल्या घराजवळ येऊन पोहोचला तेव्हा सायंकाळचे साडेसहा वाजले होते, आणि ज्याला घर म्हणावे असे तेथे काही उरले नव्हते. सन १९८६ च्या जून महिन्यातील तो दिवस. ओहायो राज्यातील त्या लहानशा गावावरून दीड तासापूर्वी टॉर्नेडो गेला होता. उन्मळून पडलेल्या झाडांनी रस्ते अडविल्यामुळे भानुदास काचकारखान्याच्या प्रयोगशाळेपासून चार मैल पायीच धावत आला होता. घराचे छप्पर नाहीसे झाले होते, दोन भिंती आत कोसळल्या होत्या आणि शेजाऱ्याचे अख्खे गॅरेज उचलून कुणीतरी त्यावर पालथे घालावे तसे पडले होते. पुढची एकच भिंत उभी होती. तिच्यावर ओल्या नारिंगी रंगाने एक मोठी फुली मारलेली होती.

फुलीखाली दोन तरुण उभे होते. पांढरे सदरे, काळे टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. एकाच्या हाती रंगाचा डबा होता. भानुदासने त्यांना ओळखले. मे महिन्यात हेच दोघे सायकलींवरून दारी आले होते. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक ते. जेमतेम एकोणीस वर्षांचे, पण नावापुढे ‘एल्डर’ ही पदवी. तिचा अर्थ ज्येष्ठ असा होतो हे भानुदासने सांगितले तेव्हा त्याची पत्नी संघमित्रा पडद्याआडून हसली होती. “मिसरूड फुटलं नाही अजून, आणि ज्येष्ठ म्हणे.” आम्ही बौद्ध आहोत आणि धर्माचा निर्णय आमच्या वडीलधाऱ्यांनी पूर्ण विचारांती केलेला आहे, असे नम्रपणे सांगून भानुदासने त्यांची बोळवण केली होती.

आता त्याने भिंतीकडे बोट करून विचारले, ही फुली कशाची?

दोघांपैकी सडपातळ होता त्याचे नाव रुलन बॅगली. त्याने सांगितले की अग्निशामक दलाला मदत म्हणून आम्ही या रस्त्यावरची घरे तपासत आहोत; घर तपासून झाले, आत कुणी नाही, अशी ती खूण. आम्ही तीन वेळा मोठ्याने हाका मारल्या, उत्तर आले नाही, म्हणून पुढे निघालो आहोत.

हे ऐकताच भानुदासने त्यांची वाट अडविली. कारण उत्तर का आले नसेल हे या पृथ्वीतलावर एकट्या त्यालाच ठाऊक होते. मागल्या हिवाळ्यात, संघमित्रा नागपुराहून येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, चालत्या मोटारीतून कुणीतरी शिवी देऊन त्यांच्या दारावर बाटली फोडली होती. त्या दिवशी भानुदासने तिला बजावले होते, “मी घरी नसताना कुणीही हाक मारो, पोलीस म्हणून सांगो, तू हूं की चूं करायचं नाहीस. घरात माणूस आहे हे कळताच कामा नये.” संघमित्रा दिलेला शब्द पाळणारी होती.

तेव्हा ढिगाऱ्याखालची ती शांतता आज्ञापालनाची होती की मरणाची, हे कसे ओळखावे?

त्याने अडखळत, अर्धी वाक्ये गिळत सारे सांगितले. बायको तळघरात असणार; वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की तळघरात जायचे हे तिला शिकविलेले आहे. रुलनचा चेहरा उतरला. त्याने हातातल्या डब्याकडे पाहिले आणि तो खाली ठेवला.

अग्निशामक दलाची माणसे शाळेच्या कोसळलेल्या इमारतीपाशी गुंतली होती. तास तरी लागेल असा निरोप आला. त्यातच गॅसचा उग्र वास येऊ लागला. एक शेजारी यांत्रिक करवत घेऊन आला होता, तो चार पावले मागे सरला. ठिणगी पडली तर सगळेच संपेल, असे तो म्हणाला. म्हणून सर्वांनी हातांनीच विटा उचलण्यास प्रारंभ केला.

गॅरेजच्या छपराखालून तळघराच्या खिडकीकडे एक अरुंद बीळ जात होते. भानुदास त्यात शिरला, पण देहाने तो स्थूल, खांद्यापाशीच अडकला. तेथून त्याने संघमित्राच्या नावाने टाहो फोडला. समोर थंडी अडविण्यासाठी छपरात भरलेल्या आणि आता उसवलेल्या गुलाबी काचलोकरीचे गठ्ठे दाटले होते. त्यांनी त्याचा आवाज शोषून घेतला. पलीकडून काहीही आले नाही. लोकांनी त्याला पाय धरून मागे ओढले.

रुलन म्हणाला, मी जातो.

त्याचा जोडीदार एल्डर हॉज वयाने थोडा वडील होता. त्याने नकार दिला. एकाने दुसऱ्याच्या दृष्टीआड व्हायचे नाही हा त्यांच्या सेवेतला कडक नियम होता. शिवाय ते छप्पर कोणत्याही क्षणी खाली बसण्यासारखे होते. रुलन हळू आवाजात म्हणाला, “फुली मी मारली आहे.”

 हॉज पांढऱ्या सदऱ्यानिशी चिखलात पालथा पडला. “तुझा घोटा माझ्या हातात राहील,” तो म्हणाला. “सुटू देणार नाही.”

भानुदासने रुलनची बाही धरली. “इंग्रजीत हाक मारू नको. ती उत्तर देणार नाही. जय भीम म्हण.”

रुलन थांबला. त्याने चाचरत विचारले, “ही तुमच्या देवाची प्रार्थना आहे का? मला ते म्हणता येईल की नाही...”

“देव नाही, माणूस होता तो. आम्हाला माणसात आणलं त्यानं. आम्ही भेटलो की हेच म्हणतो. आणि कुणी म्हटलं की उलट म्हटल्यावाचून आमच्यातल्या कुणाला राहवत नाही.” भानुदासने बाही सोडली. “ती जिवंत असेल तर म्हणेल.”

रुलनने ते दोन शब्द ओठांत घोळवले आणि तो बिळात दिसेनासा झाला. बाहेर उरला तो बुटातला एक पाय आणि त्याभोवती हॉजची पांढरी पडलेली बोटे.

आतून रुलनचा वेडावाकडा उच्चार आला. “जय भीम.” मग शांतता. पुन्हा तोच उच्चार. पुन्हा शांतता. लाकडाचे वासे कुरकुरले आणि मूठभर माती हॉजच्या मानेवर पडली. भानुदासने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या खेपेनंतर रुलनचा पाय एकाएकी थरारला आणि तो आतून ओरडला, “बोलली! ती बोलली!”

परंतु भय तेथे संपले नाही. उलट तेथूनच त्याने खरा आकार धारण केला. ती मराठीत काहीबाही विचारीत होती आणि रुलनपाशी ते दोनच शब्द होते. तेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि ती प्रत्येक वेळी उत्तर देत राहिली. उत्तर आले की रुलनचा पाय हॉजच्या मुठीत हले आणि हॉज मान हलवी. विटा उपसता उपसता भानुदास दोन उत्तरांमधले अंतर मनात मोजू लागला. आरंभी पाच मोजेपर्यंत उत्तर येई. पुढे वीस झाले. गॅसचा वास दाट होत चालला. मग चाळीस. एकदा त्याने सत्तरपर्यंत मोजले, हातातली वीट तशीच राहिली, आणि मग हॉजने मान हलविली.

आठाच्या सुमारास अग्निशामक दल आले. त्यांनी गॅस बंद केला, छपराला टेकू दिले, खिडकीची चौकट कापली. आधी रुलनला बाहेर ओढले. त्याचे ओठ निळसर झाले होते आणि तो अजूनही ते शब्द पुटपुटत होता. त्याच्यामागून संघमित्रा आली. पाय मोडलेला, केसांपासून पावलांपर्यंत पांढरी धूळ.

रुग्णवाहिकेची वाट पाहताना भानुदासने तिला विचारले, “पहिल्या हाका तुला ऐकू आल्या होत्या?”

“आल्या ना. तीन.” तिचा आवाज खरखरीत झाला होता. “तोंडात पदर कोंबून बसले होते, कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून.”

भानुदासला तिच्याकडे पाहवेना.

“मला वाटलं होतं, तुम्ही गेलात,” ती म्हणाली. “एवढं वादळ. मग गोऱ्याच्या तोंडी जय भीम आलं. म्हटलं, ह्याला हे शिकवणारा माणूस जिवंत आहे. म्हणून बोलले, अहो. नाहीतर नव्हतेच बोलणार.”

तिला रुग्णवाहिकेत चढविताना भानुदासने मागे वळून पाहिले. आभार मानायचे राहून गेले होते. रुलन भिंतीपाशी उभा राहून रस्त्याच्या दूरच्या टोकापर्यंत पाहत होता. संधिप्रकाशात त्या रस्त्यावरच्या आणखी अकरा घरांवर तीच नारिंगी फुली दिसत होती.  हॉजने त्याला खाली बसावयास सांगितले. तो बसला नाही. तो शेजारच्या ढिगाऱ्यापाशी गेला, गुडघे टेकून त्याने विटांना कान लावला आणि हाक मारली. मग श्वास रोखून ऐकत राहिला.